मनाचं वर्कशॉप

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब केला आहे. लोखंडाच्या तुकड्याला तासन्‌तास फाइल मारायची, मग सर त्याला ट्राय स्क्वेअर लावून उजेडात धरणार आणि फटीतून उजेड दिसला की शांतपणे म्हणणार, "पुन्हा घासा." माझा जॉब दोनदा स्क्रॅपमध्ये गेला. कुणाचं काही बिघडलं नाही. लोखंडच ते, नवीन तुकडा मिळाला.

पण मित्रांनो, समजा जॉबच्या जागी जिवंत माणूस असेल तर? आणि त्यातही त्याचं मन? शिकाऊ माणसाच्या हातात ते द्यायचं का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो माझ्या मावसभावामुळे. तो अमेरिकेत एम.एस. करतोय. (नाव लिहीत नाही, पण बाकीचं लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.) दुसऱ्या सेमिस्टरला त्याचं सगळंच बिनसलं. रात्रभर जागा, दिवसा लेक्चरला दांडी, असाइनमेंट अर्धवट, जेवणावर वासना नाही. घरी फोनवर मात्र "मी एकदम मजेत!" शेवटी त्याच्या गाइडच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला युनिव्हर्सिटीच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथे त्याला बघणारी मुलगी पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती!

मावशीला हे कळलं तेव्हा तिची दोन वाक्यं होती. पहिलं, "अरे, तू काय वेडा झालायस का?" आणि दुसरं, "आणि झालाच असशील तर चांगल्या डॉक्टरकडे जा, शिकाऊ पोरीकडे काय जातोस!"

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच होतं. म्हणून मी दादाला खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं, आणि जे कळलं ते इथे लिहितेय.

कोण कोण असतं?

आपण सगळ्यांना सरसकट 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून मोकळे होतो. पण सायकियाट्रिस्ट म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेला डॉक्टर. तो औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्रातून आलेला असतो. तो चाचण्या घेतो, निदान करतो आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतो. आपल्याकडे तो औषधं लिहून देत नाही. बऱ्याचदा दोघं मिळून काम करतात. आणि त्यांच्याकडे जायला 'वेडं' असावं लागत नाही. झोप न येणं, परीक्षेत हात थरथरणं, कुणी जवळचं गेल्यावर न सावरता येणं, एवढंही कारण पुरतं.

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट करायला साधारण पाच-सहा वर्षं लागतात. त्यात एक वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिप असते. पण त्याच्याही आधी, शिकत असतानाच, विद्यार्थी डिपार्टमेंटच्या क्लिनिकमध्ये माणसं बघायला लागतात. हेच ते ट्रेनिंग क्लिनिक. विद्यार्थ्यांसाठी असणारं काउन्सेलिंग सेंटर वेगळं. ट्रेनिंग क्लिनिकमध्ये बहुतेक ठिकाणी गावातले लोकही येतात, आणि फी बाहेरच्यापेक्षा बरीच कमी, कित्येकदा उत्पन्न बघून ठरवलेली असते.

सुरुवात एका स्पेलिंगपासून

ही कल्पना नवी नाही. जगातलं पहिलं सायकॉलॉजिकल क्लिनिक युनिव्हर्सिटीतच निघालं, १८९६ साली, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात. लाइटनर विटमर हे तिथले प्राध्यापक. ते जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे शिकून आले होते. एक शाळामास्तरीण त्यांच्याकडे चौदा वर्षांचा मुलगा घेऊन आली. मुलगा हुशार, पण स्पेलिंग काही केल्या येईना. तिचं म्हणणं साधं होतं : मानसशास्त्र जर मनाचं शास्त्र असेल, तर त्याने या मुलाला मदत करायला नको का?

विटमरनी तपासलं तर मुलाच्या डोळ्यांतच दोष निघाला. चष्मा दिला, मग रोज शिकवणी. त्याचं वाचन बरंच सुधारलं, स्पेलिंग मात्र पूर्ण सुधारलं नाही. मला ही गोष्ट आवडली ती यासाठी, की त्यात चमत्कार नाही. आधी नीट मोजमाप, मग उपाय, मग पुन्हा मोजमाप. ट्रबलशूटिंगच की! पुढे १९०७ मध्ये विटमरनी 'द सायकॉलॉजिकल क्लिनिक' नावाचं जर्नल काढलं आणि या शाखेला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नावही त्यांनीच दिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनाने खचलेले सैनिक मोठ्या संख्येने परत आले आणि त्यांना बघायला माणसं कमी पडली. मग १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी परिषद भरली आणि ठरलं, की क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला संशोधन आणि उपचार दोन्ही आलं पाहिजे. म्हणजे थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हीत पासिंग वेगवेगळं!

मग शिकाऊ माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

आता मावशीच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. पहिल्या भेटीतच दादाला एक कागद वाचून दाखवला आणि त्याची सही घेतली. त्यात लिहिलं होतं, की ही थेरपिस्ट विद्यार्थिनी आहे, तिच्यावर लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टची देखरेख आहे, सेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होईल आणि ते फक्त शिकवण्यासाठी बघितलं जाईल. रेकॉर्डिंग ऐकून दादा आधी बिचकला. पण सगळी गंमत तिथेच आहे.

खाजगी दवाखान्यात बंद दाराआड थेरपिस्ट काय बोलतो ते तिसऱ्या कुणाला कळत नाही. इथे मात्र दर आठवड्याला सुपरवायझर रेकॉर्डिंग लावतो, मध्येच थांबवतो आणि विचारतो, "इथे तो गप्प झाला. तू घाई का केलीस?" काही ठिकाणी एका बाजूने दिसणारी काच असते आणि पलीकडून सुपरवायझर प्रत्यक्ष बघतो. सेशन्स रेकॉर्ड करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक म्हणजे कार्ल रॉजर्स. १९४०च्या सुमारास ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी सेशन्स तबकड्यांवर रेकॉर्ड केली आणि १९४२च्या पुस्तकात एका पेशंटची सगळी सेशन्स शब्द न्‌ शब्द छापली, अर्थात नाव बदलून. तोवर बहुतेक थेरपिस्ट आठवणीतून टिपणं लिहायचे. आणि आठवणीतून लिहिलेलं रीडिंग किती खरं असतं, ते आपल्या जर्नल्सना विचारा!

दुसरी गोष्ट मोजमापाची. दादाला सुरुवातीला नऊ प्रश्नांचा एक फॉर्म दिला, पीएचक्यू-नाइन. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती? प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर अधिक खोलात बघतात. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल असतो. त्याला शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्यावर थेट बोलतात. काही क्लिनिक्समध्ये असा फॉर्म दर भेटीला भरून घेतात. मायकेल लॅम्बर्ट या संशोधकाने ४५ प्रश्नांची अशी पद्धत बसवली, ज्यात पेशंट अपेक्षेप्रमाणे सुधारत नसेल तर थेरपिस्टला इशारा मिळतो. असा इशारा मिळाला, तर घसरणाऱ्या पेशंट्सना फायदा होतो असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. कंट्रोल सिस्टीम्सवाल्यांनो, ओळखलंत? क्लोज्ड लूप! फीडबॅक नसेल तर अनुभवी माणूसही ओपन लूपमध्येच चालतो. आणि थेरपिस्टच्या अनुभवाची वर्षं व पेशंटला होणारा फायदा यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा घट्ट नाही, असंही बऱ्याच अभ्यासांनी दाखवलं आहे.

आत नक्की काय होतं?

"नुसत्या गप्पा मारायला पैसे कशाला?" हे मीही विचारलं होतं. दादा म्हणाला, गप्पा नव्हेत, होमवर्क असतो! त्याला सीबीटी पद्धतीने उपचार दिले. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली, तीही त्याच पेनसिल्वेनिया विद्यापीठात. घटना, तिच्यावर मनात आलेला विचार आणि त्यातून आलेली भावना, हे तीन कॉलम करून लिहायचं. दादाचा विचार असायचा, "एका विषयात कमी मार्क म्हणजे मी सगळ्यांचे पैसे बुडवले." मग या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय? मराठी वाचकांना हे अगदीच नवीन नाही. अल्बर्ट एलिस यांची याच घराण्यातली विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्याकडे आणली आणि मराठीत समजावून सांगितली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. छातीत 'धस्स' होतं, संध्याकाळी 'हुरहूर' लागते, हे दादाला इंग्रजीत सांगताच येईना. तो अडखळला तेव्हा ती विद्यार्थिनी म्हणाली, "आधी तुझ्या भाषेत म्हण, मग मला समजावून सांग." माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, इंग्रजीत मी फाडफाड बोलते. पण हे ऐकल्यावर मी विचार करून पाहिला. हुरहूर? मलाही नाही जमलं.

मर्यादा

सगळं गुलाबी नाही. अशा क्लिनिक्समध्ये वेटिंग लिस्ट असते. विद्यार्थी इंटर्नशिपला गेला की थेरपिस्ट बदलतो आणि नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तातडीच्या वेळी हे ठिकाण उपयोगाचं नाही, तेव्हा हॉस्पिटलच गाठायचं. गुप्तता असते, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाचा छळ होत असेल, तर ती मोडावी लागते. हे पहिल्याच दिवशी सांगतात.

पुढे एम.एस.ला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. स्टुडंट व्हिसावर फुल कोर्स लोड लागतो. पण आजारपणासाठी, मनाच्या आजारासाठीसुद्धा, विषय कमी करता येतात. त्यासाठी डॉक्टरचं किंवा लायसन्स्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि विषय सोडण्याच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसची मंजुरी लागते, नंतर नव्हे. दादाचं पत्र सुपरवायझरने सही करून दिलं. त्याने एक विषय सोडला आणि डिग्री वाचली.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे हे शिक्षण बंगळूरला १९५५ मध्ये सुरू झालं, ज्या संस्थेचं पुढे निमहान्स झालं तिथे. तिथेही शिकणारे विद्यार्थी देखरेखीखालीच पेशंट बघतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे असते, तेव्हा कुणाकडे जाताना ती विचारायला लाजू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्कही दिला आहे. मुंबईच्या 'टिस'ने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही हेल्पलाइन सुरू केली. आणि २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' आहे : १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. म्हणजे 'हुरहूर'चं भाषांतर करावं लागत नाही!

मावशी आता काय म्हणते? परवा दादाचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "काय रे, या आठवड्यात गेला होतास ना तुझ्या त्या पोरीकडे?" शिकाऊ हा शब्द गळला होता.

वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला तर आपण सरांकडे जातो, लपवत नाही, कारण लपवून फट बुजत नाही. हॉस्टेलमधल्या बंद दारामागे कुणी "मी एकदम मजेत" म्हणत असेल, तर एकदा दार वाजवा. आणि ते 'कुणी' आपणच असलो, तर दार आतून उघडा.