सामना बघताना हृदय सांभाळा

माझे आजोळ कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, सासुरवाडी मंगळवार पेठेत. त्यामुळे शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम समोरासमोर आले, की नांदगावात दवाखान्यात बसूनही माझा जीव टांगणीला लागतो. एकदा सामना बघायला गेलो होतो. आजोळच्या संघाने गोल केला, मी मनातल्या मनात खूश. आणि शेजारी सासरे छाती चोळत बसलेले! वेळीच इस्पितळात नेले म्हणून वाचले.

उत्कंठा वाढली की ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो. निरोगी माणसाला हे सोसते. रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर मात्र धोका असतो. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना २.६६ पट झाल्या होत्या.

म्हणून हृदयरोग्यांनी सामन्याच्या दिवशीही गोळी चुकवू नये, विडी-तंबाखू टाळावी. छातीत दडपण आले, हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून शिट्टीची वाट पाहू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा. कोणीही जिंको, पुढच्या सामन्याला आपण हवे!