निळ्या धुराचे निदान : सिंधुदुर्गातील घाट आणि इंजिनाची परीक्षा

मोटारीच्या इंजिनात वंगण म्हणून वापरले जाणारे ऑइल सिलिंडरच्या भिंतीवर अत्यंत पातळ थराने पसरलेले असते आणि त्या थरातील अल्पसा अंश इंधनाबरोबर सतत जळत असतो. त्यामुळे निरोगी इंजिनही थोडे ऑइल खाते, हे गृहीत धरूनच परीक्षेला आरंभ करावा लागतो. काही उत्पादक हजार किलोमीटरमागे एक लिटरपर्यंतचा खप सदोष मानत नाहीत. ही मर्यादा फारच सैल आहे. ज्या गाडीला दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान कधी ऑइल घालावे लागत नव्हते तिला ते लागू लागले, तर खप मर्यादेत असला तरी त्याचे कारण शोधलेच पाहिजे. परंतु निळा धूर दिसताच पिस्टनच्या रिंगा गेल्या असे मानून इंजिन उतरवणे ही या व्यवसायातील सर्वांत महागडी घाई होय, कारण धुराचा रंग काय जळते एवढेच सांगतो. ऑइल कोठून आत शिरते हे धूर कोणत्या वेळी येतो त्यावरून कळते.

रंगाचा विचार थोडक्यात आटोपता येतो. काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी झाल्याने येतो आणि त्याचा ऑइलशी सहसा संबंध नसतो. पांढरा धूर थंड डिझेल इंजिनात न जळलेल्या इंधनाचा असू शकतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत हिवाळ्याच्या सकाळी तो बहुधा निव्वळ वाफेचा असतो आणि सायलेन्सर तापला की नाहीसा होतो, मात्र इंजिन तापूनही तो टिकला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले तर हेड गॅस्केटकडे पाहावे लागते. निळसर आणि उग्र वासाचा धूर ऑइलचा. मालवण किंवा सर्जेकोटच्या किनाऱ्यावरील टू-स्ट्रोक आउटबोर्ड यंत्रांतूनही असाच धूर निघतो, पण तेथे इंधनातच ऑइल मिसळण्याची रचना असल्याने तो दोष नव्हे.

चार-स्ट्रोक इंजिनात ऑइल ज्वलनकक्षात शिरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत : पिस्टनच्या रिंगांजवळून खालून वर, व्हॉल्व्हच्या दांड्यालगत गाइड आणि सील यांमधून वरून खाली, ब्रीदरच्या नळीतून हवेबरोबर, आणि टर्बो असल्यास त्याच्या दांड्याच्या सीलमधून. यांपैकी कोणती वाट उघडी आहे हे ओळखण्यास जिल्ह्यातून देशावर चढणारे आंबोली, फोंडा, करूळ आणि भुईबावडा हे घाट विशेष उपयोगी पडतात, कारण सपाट रस्त्यावर मिसळून जाणारी लक्षणे तेथे वेगळी होतात. पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडून घाट उतरत असता थ्रॉटलची झडप मिटलेली असते, इनटेक मॅनिफोल्डमध्ये तीव्र निर्वात निर्माण होतो आणि कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत ओढले जाऊन साठते. पायथ्याशी पुन्हा पिकअप देताच ते जळून निळ्या धुराचा लोट बाहेर पडतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच क्षणभर निळा धूर येत असेल, तर याच निदानाला पुष्टी मिळते. याउलट चढावर, भार असताना धूर वाढत जात असेल आणि ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर इंजिन हवा मारत असेल, म्हणजे ज्वलनाचा वायू रिंगांना ओलांडून खाली चेंबरमध्ये जात असेल, तर संशय रिंगांवर आणि बोअरवर जातो. ही विभागणी मात्र निरपवाद नाही, कारण झिजलेली ऑइल रिंगही उतारावरील निर्वातात ऑइल वर येऊ देते.

डिझेल इंजिनाला हा उताराचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. जुन्या डिझेल इंजिनात हवा रोखणारी थ्रॉटलची झडपच नसल्याने मॅनिफोल्डमध्ये तसा निर्वात निर्माण होत नाही. टर्बो असलेल्या इंजिनात आणखी एक फसगत संभवते. टर्बोच्या दांड्याची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या वर जाऊ शकते आणि त्यावरील सील रबरी नसून बारीक धातूच्या रिंगांचे असते. दोन्ही बाजूंचा दाब आणि ऑइलचा खाली होणारा मोकळा निचरा यांवरच ते विसंबून असते. निचऱ्याची नळी तुंबली, किंवा हवा मारणाऱ्या इंजिनामुळे चेंबरमधील दाब वाढला, तर निर्दोष टर्बोही ऑइल सोडू लागतो, आणि कारण तसेच ठेवून बसवलेला नवा टर्बोही काही दिवसांत तेच करतो. हा दोष दुर्लक्षित राहणे धोक्याचे आहे : सेवनमार्गात पुरेसे ऑइल शिरले तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळत अनावर वेगाने फिरू लागते, चावी बंद करूनही थांबत नाही आणि हवेचा मार्ग रोखल्याशिवाय आवरत नाही.

या भागात झिजेचे एक कारण हवेत आहे. उन्हाळ्यात चिरेखाणींच्या आणि कच्च्या रस्त्यांच्या परिसरात जांभ्याची तांबडी धूळ उडते. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल किंवा त्यापुढील रबरी नळीला चीर गेली असेल, तर ती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगेचा प्रवास जेथे उलटतो व ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो तेथे, म्हणजे बोअरच्या वरच्या टोकाशी, भिंत सर्वाधिक झिजवते. फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ बाजूला पाइपमध्ये बोट फिरवून तांबडी धूळ लागते का, ही साधी तपासणी इंजिन उघडण्यापूर्वी झालीच पाहिजे, कारण ती चीर तशीच राहिली तर नवे बोअरही त्याच वाटेने जाते.

यानंतर मोजमापाचा टप्पा येतो. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशनचा दाब साधारण १० ते १३ बार, तर डिझेलमध्ये २५ ते ३५ बारच्या आसपास मिळतो. कोणत्याही एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची असते. दाब कमी आलेल्या पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर गळती रिंगांपाशी आहे. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटपाशी आहे. या परीक्षेची एक उणीव अनेकदा विसरली जाते : ती वरच्या कॉम्प्रेशन रिंगांची परीक्षा आहे, सर्वांत खालच्या ऑइल रिंगेची नव्हे. ऑइल बदलण्यास उशीर झाल्याने ती रिंग कार्बनमध्ये चिकटून बसली, तर कॉम्प्रेशन उत्तम असूनही इंजिन ऑइल खाते, आणि अशा वेळी केवळ दाब पाहून रिंगांना निर्दोष ठरवणे चूक होय.

बोअरिंगचा निर्णय शेवटी घ्यावा, कारण कापलेला धातू परत येत नाही. ओव्हरसाइज पिस्टन सहसा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी, एक मिलिमीटरपर्यंत मिळतात आणि प्रत्येक बोअरिंगने ब्लॉकचे उरलेले आयुष्य कमी होते; नंतर स्लीव्ह बसवण्याचाच मार्ग राहतो. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, तसेच दोन काटकोनी दिशांत व्यास मोजून निमुळतेपणा आणि लांबटपणा पाहिल्याशिवाय ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवू नये. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी यंत्रकामाची जुनी परंपरा आहे, परंतु तेथील कुशल हातही आणून दिलेल्या चुकीच्या निदानाची भरपाई करू शकत नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतर डोळ्यांनी करायची परीक्षा अवघड झाली आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडाफार ऑइलचा धूर जाळून टाकतो, तर डिझेल गाड्यांतील कणगाळणी काजळी अडवते. ऑइलमधील कॅल्शियम व जस्तयुक्त घटकांची राख मात्र जळत नाही आणि गाळणीतच साठत जाते, म्हणजे सायलेन्सर स्वच्छ दिसत असतानाच नुकसान चालू असते. त्यातच मालवण ते तारकर्लीसारख्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या डिझेल गाडीत गाळणी स्वच्छ करण्याची प्रक्रिया अर्धवट राहून काही डिझेल चेंबरमध्ये उतरू शकते, आणि ऑइल जळत असूनही पट्टीवरील पातळी स्थिर किंवा वाढलेली दिसते. अशा गाडीत पट्टीचा आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलून, भरलेले प्रमाण नोंदवून, महामार्गावर गाळणीची प्रक्रिया पूर्ण होईल अशा लांब फेऱ्यांत हजार किलोमीटर चालवावे आणि मग इंजिन तेवढेच तापलेले असताना ऑइल काढून ते मापाने मोजावे.