जलचर की स्थलचर?

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव. पैठणच्या क्षेत्री दर्शन घेऊन आलेल्यांना हे सांगायला नको. जीवांचे भेद-प्रभेद हा तर आपल्या आगमांचा जिव्हाळ्याचा विषय. प्रज्ञापनासूत्रात कच्छपाची गणना पंचेंद्रिय तिर्यंचांतील जलचरांत असून त्याचे अस्थिकच्छप आणि मांसकच्छप असे दोन भेद सांगितले आहेत. आजचे प्राणिशास्त्रही कठीण कवचाची आणि मऊ पाठीची कासवे निरनिराळ्या कुलांत ठेवते, हे वाचून नवल वाटते.

लिनियसने १७५८ मध्ये आपल्या ग्रंथात सारी कासवे ‘टेस्टुडो’ या एकाच प्रजातीत घातली होती. पुढे समुद्रातली, नदीतली आणि जमिनीवरची कासवे वेगळी झाली. जमिनीवरच्यांचे कुल टेस्टुडिनिडी. पिवळ्या चांदण्यांची नक्षी ल्यालेले आपले स्टार कासव याच कुलातले. गुजरात-राजस्थानच्या शुष्क माळांवर, दक्षिण भारतात व श्रीलंकेत ते आढळते. १७९५ मध्ये त्याचे नाव ‘टेस्टुडो एलेगन्स’ पडले, आज ते ‘जिओकेलोन एलेगन्स’ आहे. या प्रजातीत एके काळी गॅलापागोसची महाकाय कासवेही मोजली जात. जनुकांचा अभ्यास झाला आणि प्रजातीत दोनच जाती उरल्या : आपली आणि म्यानमारची. (पेढीच्या वाटण्या झाल्यावर पाटीवर दोनच नावे उरावीत, तसे!)

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाही. कासव म्हणजे पाण्यातला जीव, या समजुतीने काही भाविक बाजारातून स्टार कासव सोडवून आणतात आणि विहिरीत किंवा मंदिराच्या कुंडात सोडतात. त्याचे पाय मात्र हत्तीसारखे खांबाकृती, बोटांत पडदा नाही, वर घुमटाकार जड कवच. खोल पाण्यात ते पोहत नाही, बुडून मरते. अभयदान द्यायला निघालेल्या हातून पंचेंद्रिय जीवाची हिंसा घडते. शिवाय मोजलेल्या पैशांतून विक्रेत्याला पुढची कासवे पकडायला भांडवल मिळते. व्यापाऱ्याला हे गणित कोणी शिकवावे?

भरभराटीसाठी गल्ल्याजवळ पितळी कासव ठेवणे निराळे. जिवंत स्टार कासव विकत घेणे वा घरात पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. असे कासव कुठे विक्रीला दिसले तर सोडवण्यासाठी पैसे न मोजता वन विभागाला कळवावे. वाट चुकून अंगणात आलेले असेल, तर त्याला टाकीत न ठेवता कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे आणि वन कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावे.