कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे? मग सोबत काय घ्यायचं?

कार्तिकी एकादशीपासून साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. तिथे सुक्या मासळीची खरेदी करताना एक लक्षात ठेवा: माशातल्या ओमेगा-३ मुळे प्रामुख्याने ट्रायग्लिसराइड उतरतात, वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) नाही. शिवाय खारवलेल्या मासळीत मीठ भरपूर. बीपी असेल तर बेतानेच खा.

स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या, जोडीला माझी पहिली पसंती इसबगोलाला. ते आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेतं, त्याची भरपाई करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, आणि एलडीएल थोडं उतरतं. भरपूर पाण्यातून घ्या, पण गोळीपासून दोनेक तासांचं अंतर ठेवून.

रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल मात्र नकोतच! त्यातलं मोनाकोलिन-के म्हणजे हुबेहूब लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं औषध. 'नैसर्गिक' म्हणून घ्याल आणि नकळत दुप्पट डोस पोटात जाईल. स्नायुदुखीवर को-क्यू-१० सुचवतात, पण त्याचे पुरावे उलटसुलट आहेत. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी पपनसही डॉक्टरांना विचारूनच खावं.

अंग खूप दुखलं, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.