आल्याचं आईस्क्रीम आणि फाटलेलं दूध

आम्ही वैशाखऱ्याहून बोलतोय. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता माळशेज घाटाजवळ येतो, तिथलं आमचं गाव. नाणेघाट चढायला येणारी मंडळी याच भागात गाडीतून उतरतात. आज आम्ही आल्याच्या आईस्क्रीमची कृती सांगणार आहोत. कागद-पेन जवळ ठेवा, मापं सांगायची आहेत. पण त्याआधी आमच्या गटातलं एक भांडण सांगावं लागेल. ते झालं नसतं तर ही कृती आम्हाला नीट कळलीच नसती.

मागच्या मे महिन्यात गावातल्या एका हळदीसाठी आमच्या गटाला आईस्क्रीमची पहिली ऑर्डर मिळाली. व्हॅनिला तर टोकावड्याच्या दुकानातही मिळतं, मग आपण वेगळं काय देणार? एकीच्या परसात आलं होतं. पावसात इथे थांबणारा प्रत्येक जण आल्याचा चहा मागतो, तर आल्याचं आईस्क्रीम का नाही, असं ठरलं. सहा लिटर म्हशीचं दूध गटातल्याच एका ताईंकडून घेतलं, पैसे गटाच्या बचतीतून दिले. दूध कोमट झालं, आम्ही किसलेल्या आल्याचा रस पिळून त्यात घातला आणि जाळ वाढवला. थोड्याच वेळात पातेल्यात चोथापाणी. सहाच्या सहा लिटर.

आता दूध फाटलं की पहिला संशय कोणावर जातो, ते तुम्हाला सांगायला नको. एक म्हणाली, सकाळचं आणि आदल्या संध्याकाळचं दूध एकत्र केलं असणार. दुसरी म्हणाली, किटली नीट धुतली नसेल. त्या ताई तिथेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. रिकामी किटली उचलली आणि घरी गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत, बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवले. ऑर्डर गेली ती गेलीच, पण नऊ वर्षं एकत्र बसणाऱ्या दहा बायकांतली एक उठून गेली, हे जास्त लागलं.

प्रश्न सोडवला तो एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "चहाला आलं कधी टाकता गं तुम्ही? दुधात का पाण्यात?" पाण्यात. पाणी, आलं, साखर, पत्ती उकळते आणि मग दूध. रोज तीन वेळा करतो, पण का करतो याचा विचार कधी केला नव्हता.

मग आम्ही तीन वाट्या मांडल्या. पहिलीत त्याच ताईंच्या म्हशीचं गरम दूध आणि आल्याचा कच्चा रस. दुसरीत तेच दूध, पण आल्याचा रस आधी पाच मिनिटं खळखळून उकळलेला. तिसरीत दुकानातल्या पिशवीचं गरम दूध आणि कच्चा रस. पहिली फाटली. दुसरी जशीच्या तशी राहिली. तिसरी, पिशवीची, तीही फाटली. म्हणजे दोष ना म्हशीचा होता, ना किटलीचा.

हे का होतं? पुष्कळ जणींना वाटतं की आलं आंबट असतं, म्हणून लिंबासारखं दूध फाडतं. आलं आंबट नाही. आल्यात प्रथिनं तोडणारा एक पदार्थ असतो. शाळेच्या पुस्तकात अशा पदार्थाला विकर म्हणतात, आल्यातल्या विकराचं नाव झिंजिबेन. मटणाला आलं-लसूण चोळून ठेवलं की ते मऊ पडतं, त्यात याचाही हात असतो. कच्च्या पपईत आणि अननसात असेच विकर असतात. दुधातली प्रथिनं एकमेकांपासून सुटी तरंगत असतात. हा विकर त्यांना कापतो आणि मग ती एकमेकांना चिकटून गोळे होतात. दूध जितकं गरम, तितकं त्याचं काम जोरात, पण एका मर्यादेपर्यंतच. चांगलं उकळलं की विकर मरतो. आल्याचा वास आणि तिखटपणा मात्र राहतो, कारण तो दुसऱ्याच पदार्थांचा असतो.

गंमत म्हणजे चीनच्या दक्षिणेला, ग्वांगडोंग प्रांतात, लोक हे मुद्दाम करतात. वाटीत आल्याचा ताजा रस घेतात, उकळून थोडं निवालेलं गोड दूध वरून ओततात आणि वाटी न हलवता ठेवतात. काही मिनिटांत खरवसासारखी वडी जमते, ती चमच्याने खातात. आमचं सहा लिटर नासलं नव्हतं, फाटलं होतं, ते खाता आलं असतं. आम्ही ते उकिरड्यावर ओतलं होतं.

तीन वाट्या घेऊन आम्ही सगळ्या त्या ताईंच्या पडवीत गेलो. त्यांनी वाट्या बघितल्या आणि म्हणाल्या, "माझ्या म्हशीचं नाव घ्यायच्या आधी एक वाटी तरी करून बघायची होती." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशीच्या दुधाचे पैसे त्यांना आधीच दिले होते. ते कापून घ्यायचं बोलणं चाललं होतं, ते तिथल्या तिथे बंद झालं आणि वहीत 'गटाचं नुकसान' म्हणून लिहिलं गेलं.

आता कृती. हे माप पाच लिटरच्या पॉटला पुरतं. म्हशीचं दूध तीन लिटर, साय दोनशे ग्रॅम, साखर साडेतीनशे ग्रॅम, ताजं आलं शंभर ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, मीठ चिमूटभर.

साखरेतली दीडशे ग्रॅम बाजूला काढा. आलं स्वच्छ धुऊन, माती घासून काढून, साल खरवडून किसा. दीड कप पाण्यात हे आलं आणि ती दीडशे ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं उकळा. नुसता बुडबुडा नको, खळखळ हवी. मग झाकून निवू द्या आणि गाळा. गाळलेला चोथा टाकू नका, गूळ घालून आटवला की आलेपाक होतो, नाहीतर दोन दिवसांच्या चहाला पुरतो. आलं कोवळं असेल तर रेषा कमी असतात, पण तिखटपणाही कमी, तेव्हा थोडं जास्त घ्या. जून आलं असेल तर शंभर ग्रॅम भरपूर झालं.

दूध आटवून दोन लिटर करा. ढवळत राहा, तळाला लागलं तर तो वास आईस्क्रीममधून जात नाही. कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून शेवटची पाच मिनिटं घाला, उरलेली साखर आणि मीठही तेव्हाच. खाली उतरवून साय घोटून मिसळा. मग मोठ्या परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा आणि पाणी दोन-तीनदा बदला, म्हणजे दूध लवकर गार होतं. पूर्ण गार झाल्यावर आल्याचा पाक घाला. पाक उकळलेला आहे, त्यामुळे दूध आता फाटत नाही.

साय कशाला, असं एकीने विचारलं होतं. म्हशीच्या दुधात साधारण सहा टक्के स्निग्धांश असतो. तीन लिटर आटवून, त्यात साखर आणि पाक मिसळून सगळं मिश्रण अडीच किलोच्या आसपास होतं, म्हणजे स्निग्धांश सात टक्क्यांच्या पुढेमागे. सायीने तो दहाच्या जवळ जातो. अन्नसुरक्षेच्या नियमात साध्या आईस्क्रीमला दुधाचा स्निग्धांश निदान दहा टक्के लागतो. दुधाच्या जागी वनस्पती तेल असेल तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोजन डेझर्ट' लिहावं लागतं. पुढच्या वेळी दुकानातल्या कपावरचं बारीक अक्षर वाचून बघा.

आता पॉट. लाकडी बादली, मध्ये डबा, डब्यात लाकडी पाती आणि वर फिरवायचा दांडा. आमच्याकडे भर उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून आम्ही फ्रीजच्या भरवशावर राहिलो नाही. दांडा फिरवायच्या या यंत्राचं पेटंट 1843 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंना मिळालं. बाईनेच काढलं असणार म्हणा, हात कोणाचे दुखतात ते तिलाच ठाऊक.

डबा दोनतृतीयांशच भरा, फिरवताना हवा शिरते आणि मिश्रण फुगतं. भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ थरावर थर. चार भाग बर्फाला एक भाग मीठ, म्हणजे आठ किलो बर्फाला दोन किलो. कंजुषी मिठात करू नका. गोड दूध शून्य अंशाला गोठत नाही, त्याला दोन-तीन अंश आणखी खाली जावं लागतं. नुसता बर्फ शून्यावर अडून राहतो. मीठ लागलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, वितळायला त्याला उष्णता लागते आणि ती तो डब्यातल्या दुधातून ओढतो. मिठाचा बर्फ शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत सहज जातो. म्हणून त्यात उघडा हात घालू नका आणि मुलांना लांब ठेवा, कातडी भाजल्यासारखी होते.

दांडा पंचवीस-तीस मिनिटं फिरवायचा, थांबायचं नाही. थांबलात तर कडेला मोठे खडे जमतात आणि आईस्क्रीम दाताखाली करकरतं. आम्ही पाळी लावतो, प्रत्येकीची पाच मिनिटं. दांडा जड झाला की पाती काढा, झाकण घट्ट लावा, पुन्हा मीठ-बर्फ भरा, वरून गोणपाट टाका आणि दोन तास ठेवा. बादलीच्या भोकातून पाणी वाहतंय ना, ते बघत राहा. पाणी झाकणापर्यंत चढलं तर मीठ आत शिरतं. आमचा दुसरा घाणा असाच खारट झाला होता, पण त्या वेळी कोणी कोणाला बोललं नाही.

पॉट नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मोठ्या पातेल्यातल्या मीठ-बर्फात ठेवून गोल फिरवा, दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडेचं खरवडून मध्ये घ्या. खडे थोडे राहतात, चव तीच.

बर्फाबद्दल एक सांगायचंय. आम्ही मुरबाडहून लादी आणतो. निळसर बर्फ दिसला तर घेऊ नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती महाराष्ट्रात 2018 पासून आहे, ओळखता यावा म्हणून. बर्फ डब्याच्या बाहेरच असतो खरा, पण थेंब आत जातो, हात लागतो. आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. म्हणून पाती आणि डबा उकळत्या पाण्याने धुवायचे, वितळलेलं आईस्क्रीम पुन्हा गोठवून द्यायचं नाही, आणि जिला जुलाब किंवा ताप आहे तिने त्या दिवशी पैशांचं काम बघायचं, भांड्यांना हात लावायचा नाही. विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. आपल्यासारख्या लहान गटाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी चालते.

दुसरं, आल्याचं आहे म्हणून याने सर्दी होत नाही, खोकला जातो, असं सांगून विकू नका. आमच्यातल्या एकीने घाटातल्या पर्यटकांना तसं सांगायला सुरुवात केली होती आणि खपही वाढला होता. आम्ही ते थांबवलं. सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणतात, पण आईस्क्रीमने गेल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही. चव चांगली आहे, तेवढं सांगितलं तरी लोक घेतात. पहिला घास गार लागतो, आणि गिळल्यावर घशाशी आलं जाणवतं. लहान मुलांना ते झोंबतं, त्यांच्यासाठी पाक निम्मा घालून वेगळा डबा करा.

श्रावणात आम्ही शनिवार-रविवार रस्त्याकडेला टेबल लावलं. पावसात आईस्क्रीम कोण खाणार, असं घरोघरी ऐकून घेतलं. भिजलेली पोरं आधी चहा पितात आणि मग आईस्क्रीम खातात, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. दूध अजून त्याच ताईंकडून येतं. आता किटली आली की त्या स्वतःच एक वाटी काढून आधी उकळून दाखवतात. आम्ही नको म्हणतो, पण त्या ऐकत नाहीत.

आणि शेवटी बादलीतलं पाणी. ते मिठाचं असतं, भाताच्या बांधावर किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. आम्ही पहिल्या महिन्यात ते अंगणाच्या कडेला ओतत होतो आणि तिथलं लिंबाचं रोप वाळलं. आता ते पाणी पसरट घमेल्यात उन्हात ठेवतो, खाली बसलेलं मीठ पुढच्या घाण्याच्या बर्फाला वापरतो. पावसाळ्यात तेवढं ऊन मिळत नाही, तेव्हा रस्त्याकडेच्या मुरमाड जागेवर, गटारापासून आणि विहिरीपासून लांब ओततो.