वल्हे आणि शीड : एकाच फळीची निवड

पाण्यावर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याची विद्या प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर शेकडो वर्षांपासून चालत आली आहे. लाटेच्या उतारावरून घसरत किनाऱ्याकडे येणे, हा तिचा मूळ प्रकार. पण लाट नसेल तर फळी जागच्या जागी डोलत राहते. तिला चालविण्यासाठी दुसरे बल शोधावे लागते. विसाव्या शतकात वाइकीकीच्या किनाऱ्यावरील काही शिक्षकांनी हाती वल्हे घेतले आणि ते उभ्यानेच फळी वल्हवू लागले. उभे राहिल्याने त्यांना शिकाऊ मंडळींवर नजरही ठेवता येत असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाच प्रकार पॅडलबोर्डिंग या नावाने जगभर पसरला.

फळीला शीड लावण्याची कल्पना मात्र वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या माणसांना सुचली. इंग्लंडच्या दक्षिणेकडील हेलिंग बेटावर १९५८ साली पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने अशी एक फळी घरीच तयार केली होती. अमेरिकेत न्यूमन डार्बी याने आपल्या शिडाच्या फळीची माहिती १९६५ साली ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात प्रसिद्ध केली. त्यानंतर कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक व हॉइल श्वाइट्झर या दोघांनी १९६८ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० साली त्यांना ते मिळाले. त्यांच्या रचनेत डोलकाठी फळीत घट्ट रोवलेली नव्हती. ती चहूकडे कलणाऱ्या एका सांध्यावर उभी होती. शीड हातांनी तोलून धरायचे आणि ते पुढेमागे कलवून दिशा बदलायची. सुकाणूची गरजच नाही. हेच विंडसर्फिंग होय. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिम्पिक सामन्यांत त्याला स्थान मिळाले.

दोन्ही खेळांच्या फळ्या वरवर पाहता सारख्याच दिसतात. दोन फळ्या विकत घेणे, त्या घरात ठेवणे आणि किनाऱ्यापर्यंत वाहून नेणे सर्वांच्या आवाक्यातले नसते. त्यामुळे एकाच फळीवर दोन्ही कामे व्हावीत, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. ही इच्छा पुरी होऊ शकते. परंतु फळी कशी निवडावी, हे नीट समजून घ्यावे लागते. निवड चुकली तर केवळ पैसा वाया जातो असे नाही. शीड लावून किनाऱ्यापासून दूर गेलेला माणूस परत येऊ शकत नाही, असाही प्रसंग ओढवतो.

तरंगणे आणि तोल

फळीचे पहिले माप म्हणजे तिचे आकारमान. ते लिटरमध्ये सांगितले जाते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार २०० लिटरची फळी पूर्ण बुडेपर्यंत गोड्या पाण्यात २०० किलोग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे २०५ किलोग्रॅम भार पेलते. फळीचे स्वतःचे वजन १२ किलोग्रॅम, शिडाचा सरंजाम ८ आणि माणूस ७० किलोग्रॅम धरला, तर एकूण ९० किलोग्रॅम भार होतो. उरलेले सामर्थ्य शंभराहून अधिक किलोग्रॅमचे. या शिलकीमुळेच फळी पाण्यावर उंच राहते आणि शिकाऊ माणसाचे पाऊल इकडेतिकडे पडले तरी तिचे टोक बुडत नाही. निष्णात माणूस याहून पुष्कळ लहान फळी चालवू शकतो. दोन्ही विद्या नव्याने शिकणाऱ्या मध्यम वजनाच्या माणसाला मात्र साधारणतः १८० ते २२० लिटरची फळी सोयीची पडते.

तथापि केवळ आकारमानाने तोल साधत नाही. त्यासाठी रुंदी लागते. आडव्या डुलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ७५ सेंटिमीटर रुंदीची फळी ८५ सेंटिमीटर केली, तर रुंदीत फक्त १० सेंटिमीटरांची भर पडते, पण स्थैर्य जवळजवळ दीडपट होते. शीड पाण्यातून वर ओढताना माणूस मागे रेलतो, तेव्हा या स्थैर्याची खरी किंमत कळते. उलटपक्षी, फार रुंद फळीवर वल्हे पाण्यात उभे घालता येत नाही. ते तिरपे पडते आणि प्रत्येक झटक्याला फळीचे तोंड वळते. म्हणून दोन्ही कामांसाठी ८० ते ८६ सेंटिमीटर रुंदी बेताची मानावी.

लांबी आणि वेग

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. पाणी कापत जाणारी नौका स्वतःच एक लाट निर्माण करते. नौकेचा वेग वाढत गेला की ही लाट लांब होत जाते आणि ती नौकेच्या लांबीएवढी झाली की नौका जणू आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. ३.२ मीटर लांबीच्या फळीच्या बाबतीत ही मर्यादा ताशी सुमारे ८ किलोमीटर येते. वल्हवणारा सामान्य माणूस बहुधा या मर्यादेच्या आतच असतो. त्याला हवी असते ती लांबट, पाणी हळुवार दुभंगणारी आणि सरळ जाणारी फळी.

जोराच्या वाऱ्यातील शिडाची गोष्ट निराळी. ते फळीला त्या मर्यादेपलीकडे ढकलते. फळी पाण्यातून वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून सपाट दगडासारखी सरकू लागते. यासाठी मागचा तळ सपाट आणि कडा धारदार असाव्या लागतात. वल्ह्याच्या फळीची शेपटी बहुधा वर वळलेली व कडा गोलसर असतात. त्यांना पाणी चिकटून राहते. येथे दोन्ही खेळांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. ज्याला जोराच्या वाऱ्यात भरधाव सुटायचे आहे, त्याचे समाधान दुहेरी फळीने होणार नाही. ज्याला मंद व मध्यम वाऱ्यात शीड हाताळण्याचा आनंद घ्यायचा आहे, त्याला ३ ते ३.५ मीटर लांबीची फळी दोन्ही कामी उत्तम साथ देते.

खरी कसोटी : आडवे वाहणे

फळी निवडताना माणसे लांबी, रुंदी आणि रंग पाहतात. पण फळी उलटी करून तिचा तळ पाहायला हवा. सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती पुढे निसटते. शिडाची फळी पुढे जाते, ती काहीशी अशीच. एका बाजूने वारा शिडाला रेटतो. दुसऱ्या बाजूने पाणी फळीखालच्या परांना अडवते. या दोन बोटांपैकी दुसरे बोट नसेल, तर बी नुसतीच बाजूला ढकलली जाईल.

वल्ह्याच्या साध्या फळीला पर असतो तो शेपटीजवळ. सरळ जाण्यासाठी तो पुरेसा असतो. पण अशा फळीवर शीड चढविले की दोन गोष्टी घडतात. एक तर ती वाऱ्याबरोबर आडवी वाहू लागते. दुसरे असे की, पाण्याचा विरोध शेपटीशी आणि शिडाचा जोर मध्याच्या पुढे, यामुळे फळीचे तोंड पुन्हापुन्हा वाऱ्याच्या दिशेने खाली वळते. नवशिका माणूस अर्धा तास मजेत पुढे जातो आणि परत फिरू पाहतो, तेव्हा त्याला कळून येते की, वाऱ्याच्या रोखाने वर चढणे या फळीला साधतच नाही.

यावर उपाय म्हणजे फळीच्या मध्याजवळ, डोलकाठीच्या सांध्याच्या थोडी मागे, पाण्यात उतरणारी पाती. कॅलिफोर्नियाच्या मूळ फळीलाही मध्यभागी अशी मोठी पाती होती. काही दुहेरी फळ्यांत ती काढघाल करता येते. काहींत ती तळातील खाचेत मिटून घेता येते. दुसरी सोय अधिक चांगली, कारण वल्हवताना पाती पाण्याला नाहक विरोध करते. ज्या फळीला मध्यभागी पर किंवा पाती बसविण्याची सोय नाही, तिच्यावर शिडाचा सांधा बसत असला, तरी नवशिक्याने तिला दुहेरी फळी समजू नये.

जुन्या लांब विंडसर्फिंग फळ्या या दृष्टीने लक्षात घेण्याजोग्या आहेत. त्यांना पाती असते, त्या सरळ जातात आणि वल्हवताही येतात. मात्र त्यांची रुंदी पुष्कळदा ६५ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने त्यांच्यावर उभे राहणे नवशिक्याला कठीण जाते.

सांधा आणि बांधणी

डोलकाठीचा सांधा फळीला ज्या ठिकाणी जोडला जातो, तेथे वाऱ्याचा सारा जोर एकवटतो. त्यासाठी फळी घडवितानाच आत आट्यांचा मजबूत तुकडा बसविलेला असावा लागतो. साध्या फळीला मागाहून भोक पाडून हे काम होत नाही. आतील हलका फेस जोर सहन करीत नाही आणि एकदा पाणी आत शिरले की फळी जड होत जाते.

बांधणी दोन प्रकारची असते. पहिली कठीण : आत फेस, बाहेर काचतंतू व राळेचे कवच. दुसरी हवा भरण्याची. या दुसऱ्या प्रकारात वरचे व खालचे कापड हजारो उभ्या धाग्यांनी एकमेकांस बांधलेले असते, म्हणून ती फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. १९५६ साली गुडइयर कंपनीने अशाच कापडापासून फुगविता येणारे एक विमान तयार केले होते. हवेची फळी पिशवीत मावते आणि तिच्यावर पडल्यास इजा कमी होते. परंतु हवेचा दाब कमी असला की ती डोलकाठीखाली वाकते आणि शिडाचा जोर वाकण्यातच खर्च होतो. म्हणून ती किमान १५ सेंटिमीटर जाडीची असावी व ठरलेल्या दाबापर्यंत पूर्ण भरावी. जागेची अडचण नसेल, तर शिडासाठी कठीण फळी सरस.

वारा पाहून फळी

दुहेरी फळीचा खरा उपयोग दिवसाच्या क्रमात दिसून येतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यानंतर पहाटे मंद मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, सकाळी पाणी शांत असते आणि दुपारी खारे वारे समुद्राकडून जोर धरतात. सकाळी वल्हे आणि दुपारी शीड, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे.

या वाटणीतच धोक्याची सूचनाही आहे. जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे दिसते. आत गेल्यावर मात्र वाऱ्याचा जोर वाढतो. खाडीच्या मुखाशी त्याला ओहोटीची जोड मिळाली, तर फळी झपाट्याने बाहेर ओढली जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील दाब चौपट होतो, हेही विसरता कामा नये. म्हणून नवशिक्याने चार ते पाच चौरस मीटरचे शीड घ्यावे, जीवरक्षक जाकीट घालावे, आणि वारा किनाऱ्याकडे वाहत असतानाच, जाणत्या सोबत्याच्या नजरेखाली पाण्यात उतरावे. पुढे जाण्यापूर्वी वाऱ्याच्या रोखाने थोडे वर चढता येते की नाही, हे पाहावे. येत नसेल, तर किनारा जवळ असतानाच परतावे. संकट ओढवलेच, तर फळी कदापि सोडू नये, कारण तरंगणारी फळी दुरून दिसते, पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही.

येथे दुहेरी फळीचा एक लाभ ध्यानात येतो. शीड घेऊन निघताना वल्हे फळीला बांधून सोबत नेता येते. वारा पडला, तर शीड गुंडाळून फळीवर आडवे ठेवावे आणि गुडघ्यांवर बसून किनारा गाठावा. ज्या फळीवर हे दोन्ही करता येते, वाऱ्याने जाता येते आणि वाऱ्यावाचून परत येता येते, तीच या कामी योग्य फळी होय.