झेवियर्स: धोबी तलावचे जेझुइट महाविद्यालय

बदलापूरहून मुंबईपर्यंतच्या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात कॅथलिक चर्चने चालवलेल्या शाळा भरपूर आहेत. अंबरनाथचे फातिमा हायस्कूल हे त्यांतले घरोघरी माहीत असलेले नाव. पण ‘कॅथलिक विद्यापीठ’ अशी पाटी या पट्ट्यात कुठेही दिसत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था बदलापूरपासून सुमारे ६८ किलोमीटरवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे: धोबी तलावाजवळच्या महापालिका मार्गावरचे सेंट झेवियर्स महाविद्यालय. जेझुइट पंथाच्या, म्हणजे येशू संघाच्या जर्मन धर्मगुरूंनी ते १८६९ साली सुरू केले. मुंबई विद्यापीठ तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते.

झेवियर्स विद्यापीठ का झाले नाही, याचे उत्तर भारतीय उच्च शिक्षणाच्या रचनेत सापडते. इंग्रजांच्या काळापासून इथे पदवी देण्याचा अधिकार सरकारी कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाकडे आणि शिकवण्याचे काम त्याला संलग्न असलेल्या महाविद्यालयांकडे, अशी वाटणी आहे. मिशनरी संस्थांनी ती स्वीकारली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. तो किती दूरपर्यंत पोचतो याचा मोठा निवाडा १९७४ साली झाला आणि त्यातही वादी होते एक झेवियर्सच, मात्र अहमदाबादचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गुजरात सरकारविरुद्धच्या त्या खटल्यात अल्पसंख्याक संस्थांचा कारभाराचा हक्क उचलून धरला. मात्र त्याचबरोबर शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार वाजवी नियम घालू शकते, हेही स्पष्ट केले.

अलीकडे इतर राज्यांत चित्र पालटले आहे. बंगळुरूच्या ख्राइस्ट महाविद्यालयाला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याची एक शाखा पुणे जिल्ह्यात लवासाला आहे. कोलकात्यात २०१७ मध्ये सेंट झेवियर्स विद्यापीठ उभे राहिले. मुंबईत मात्र ही मजल आधी मारली ती सिंधी समाजाच्या संस्थेने. उल्हासनगरचे सी.एच.एम. महाविद्यालय ज्या हैदराबाद सिंध नॅशनल कॉलेजिएट बोर्डाचे आहे, त्याच बोर्डाच्या मुंबईतल्या काही महाविद्यालयांचे मिळून २०२० मध्ये एचएसएनसी विद्यापीठ झाले. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या समाजाने विद्यापीठ उभारले आणि दीडशे वर्षांची जेझुइट संस्था महाविद्यालयच राहिली, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

तरी पाटीवरच्या शब्दावरून झेवियर्सची उंची ठरवता येत नाही. विद्यापीठाने करायचे जे मुख्य काम, म्हणजे नवे ज्ञान मिळवणे आणि ते जतन करणे, ते इथे फार पूर्वीपासून चालू आहे. पहिल्या महायुद्धाने या संस्थेचा पाया हादरला होता. जर्मन धर्मगुरू एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना मुंबई सोडावी लागली. त्यांची जागा पुढे स्पेनहून आलेल्या जेझुइटांनी घेतली. महाविद्यालयाचे दोन मोठे ज्ञानसंग्रह या दोन पिढ्यांनी मागे ठेवले आहेत.

पहिला ब्लॅटर हर्बेरियम. स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये त्याची सुरुवात केली. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. रानातून आणलेली फांदी फुला-फळांसकट कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर पक्की बसवतात आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावतात: शास्त्रीय नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. मग कुळाप्रमाणे कपाटात रवानगी. मुंबईच्या दमट हवेत बुरशी आणि कीड यांच्यापासून हे कागद वाचवणे हेच मोठे काम. इथे असे सुमारे दोन लाख नमुने आहेत आणि ‘ब्लॅट’ या संकेतनावाने जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ हा संग्रह ओळखतात. एखादी वनस्पती शंभर वर्षांपूर्वी ज्या माळावर सापडली तिथे आज इमारती असतील, तर ती तिथे होती याचा पुरावा म्हणजे हा कागद. ब्लॅटर आणि त्यांचे सहलेखक मॅक्कॅन यांचे मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचे पुस्तक १९३५ मध्ये निघाले. त्याच परंपरेतल्या फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि १९६७ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले.

दुसरा संग्रह इतिहासाचा. स्पॅनिश जेझुइट हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले आणि १९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. आज ती हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. शिल्पे, नाणी, हस्तलिखिते आणि ख्रिस्ती कलावस्तू त्यांनी जमवल्या. सिंधू लिपी द्रविड भाषेची आहे असे मानून ती वाचण्याचा त्यांनी ध्यासच घेतला. त्यांचे वाचन विद्वानांना पटले नाही, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी टिकले. कदंब घराण्यावर लिहिणारे जॉर्ज मोराइस त्यांतले एक. १९८१ मध्ये टपाल खात्याने हेरास यांच्यावर तिकीट काढले.

२०१० मध्ये झेवियर्सला स्वायत्तता मिळाली. त्यामुळे अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे, निकाल लावणे ही कामे महाविद्यालयाकडे आली. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे: वर्षभर टिवल्याबावल्या करून शेवटच्या महिन्यात गाइड पाठ करण्याची सोय गेली. ‘सीआयए’, म्हणजे सत्रभर चालणारे अंतर्गत मूल्यमापन, पाठ सोडत नाही. झेवियर्सला ‘खासगी’ म्हणणेही अर्धेच खरे आहे. जुन्या कला व विज्ञान शाखांना सरकारी अनुदान असल्याने त्यांचे शुल्क साध्या घराला झेपते, तर नंतर आलेल्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क बरेच जास्त असते.

कॅथलिक संस्था म्हटल्यावर सगळे विद्यार्थी ख्रिस्ती असतील असा समज होतो. तो चुकीचा आहे. अल्पसंख्याक संस्था म्हणून काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, बाकीच्या जागांवर सर्व धर्मांची मुले येतात. इमारतीत प्रार्थनेसाठी चॅपल आहे, पण धर्मशिक्षण कुणावर लादले जात नाही. २०१८ मध्ये तर डॉ. राजेंद्र शिंदे हे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राचार्य झाले. ख्रिस्ती नसलेले ते या संस्थेचे पहिले प्राचार्य. संस्थेचा ख्रिस्ती स्वभाव जास्त दिसतो तो सामाजिक कामात. प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीसाठी ठरावीक तास समाजसेवा करावी लागते. दृष्टिहीनांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात ब्रेल आणि पडदा वाचून दाखवणारी संगणकप्रणाली यांचे शिक्षण मिळते. राजकारणापासून मात्र संस्था नेहमीच अलिप्त राहिलेली नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी विद्यार्थ्यांना लिहिलेल्या पत्रात गुजरातच्या विकासाच्या प्रारूपावर टीका केली आणि मोठा गदारोळ झाला.

‘झेवियराइट’ म्हणवून घेणाऱ्यांचे खरे एकत्र येणे वर्गाबाहेर होते. १९७९ पासून ऑगस्टच्या पावसात ‘मल्हार’ महोत्सव भरतो. इंडियन म्युझिक ग्रुपच्या ‘जनफेस्ट’ला जानेवारीच्या थंडीत मधल्या चौकात शास्त्रीय संगीताची मैफल रंगते. इंग्रजीच्या या बालेकिल्ल्यात मराठी वाङ्मय मंडळही आहे आणि ‘आमोद’ हा त्याचा महोत्सव. सुनील गावसकर, झाकीर हुसेन, शबाना आझमी, फारूक शेख ही या अंगणातून गेलेली नावे.

अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरचा कॅथलिक समाज या अंगणापासून दूर राहतो, पण परका नाही. या भागातली आयुध निर्माणी आणि पुढे आलेल्या कारखान्यांमुळे गोवा, मंगळूर, केरळ इथली कुटुंबे इकडे स्थिरावली. त्यांच्यात लॅटिन परंपरेचे लोक मुंबई महाधर्मप्रांताकडे, तर केरळचे सिरो-मलबार १९८८ मध्ये निर्माण झालेल्या कल्याण धर्मप्रांताकडे. एकाच गल्लीत दोन उपासनाविधी, एकीकडे इंग्रजी किंवा कोकणी मिस्सा, दुसरीकडे मल्याळम. या घरांतल्या मुलांसाठी, आणि शेजारच्या मराठी व सिंधी घरांतल्याही, झेवियर्स म्हणजे एका बाजूचा दीड तासाच्या आसपासचा लोकल प्रवास. सकाळच्या तासाला पोचायचे तर बदलापूरहून गाडी अंधारातच धरावी लागते. कल्याणनंतर डब्यात पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे वाचन होते ते कल्याणच्या आधीच. संध्याकाळी मल्हारची तालीम लांबली की परतीचे वेळापत्रक बिघडते, म्हणून या भागातल्या कित्येक मुलांना महोत्सवात तालमींऐवजी दिवसाची कामे वाटून घ्यावी लागतात.